एकतीस तारखेची पेटी

मी एक जुनी टिनाची पेटी आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलंय. पेटीला कुठलं आलंय डोकं, असं म्हणून कोणी फिदीफिदी हसत असेल, तर त्यानं आधी माझं ऐकावं.

अकोल्याच्या एका कारागिरानं जाड पत्रा ठोकून मला घडवलं. पुंजाजींना धारणीकडच्या शाळेत शिपायाची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मला घेतलं. तीस वर्षं मी त्यांच्या खोलीत होते. पाहुणा आला की माझ्यावरच बसायचा. "बसा बिनधास्त, वाघ बसला तरी दबत नाई ते," पुंजाजी म्हणायचे, आणि मी फुगून जायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी जिवंतपणीच घर आणि वावर दोन्ही पोरांच्या नावावर करून टाकलं. थोरला देवराव वरूडला, धाकटा शालिकराम शेंदूरजनाघाटला. पोरांनी बापाची पाळी लावली. पहिले पंधरा दिवस थोरल्याकडे, पुढचे पंधरा धाकट्याकडे. आणि महिना एकतीसचा असला तर?

"तो दिवस माहा नाई," देवराव म्हणाला.

"माहा बी नाई," शालिकराम म्हणाला.

अरे, लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला! तेव्हापासून एकतीस तारखेला शालिकराम सकाळीच बापाला वरूडच्या एसटी स्टँडवर सोडतो आणि देवराव एक तारखेला घेऊन जातो. मधला सगळा वेळ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पुंजाजी माझ्यावर बसून काढतात. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. स्टँडवरचे बाक कधीचेच मोडलेत, आणि खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात.

देवरावची पोरगी नीलम वरूडला कॉलेजात शिकते. यंदा तिला अभ्यासाला चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक आहे. त्यातला म्हातारा राजा आपलं राज्य मुलींना वाटून देतो आणि शेवटी वादळात उघड्यावर पडतो. सर गाईडमधून सांगायचे, "वादळ म्हणजे राजाच्या मनातली खळबळ. लिहून घ्या." पोरं लिहून घ्यायची. नीलमला मात्र ते पटेना. मग तिला स्टँडवरचे आबाजी, म्हणजे आपले पुंजाजी, आठवले आणि सगळं नाटक एकदम कळलं. पोरगी हुशार आहे, ते मी नाकारत नाही.

सेमिनार नेमका एकतीस तारखेला आला. सकाळी ती स्टँडवर आली. "आबाजी, पेटी द्या ना, वर्गात दाखवाची हाये."

"ने वो माय," म्हणत पुंजाजी लगेच उठून उभे राहिले.

वर्गात तिनं मला टेबलावर ठेवलं. "राजाचा मुकुट गेला. माझ्या आजोबांजवळ ही पेटी उरली. ही पेटी म्हणजे बेघरपणाचं प्रतीक."

काय टाळ्या पडल्या! सर तर उभेच राहिले. "वा! याला म्हणतात प्रतीक समजणं!"

मी प्रतीक? अहो, मी बसायची वस्तू आहे! सरांनीच मघाशी शिकवलं होतं, की नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असतं ते पात्राला ठाऊक नसतं, त्याला नाट्यात्मक उपरोध म्हणतात. त्या वर्गात ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मला तोंड नाही. पत्रा फाटेस्तोवर ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात पाण्याची कॅन ठेवायला आलेल्या चतुराबाई दारात थांबल्या. येता-जाता त्या पुंजाजींना स्टँडवर माझ्यावर बसलेलं बघायच्या. "पोरी, पेटी त अठी हाये. मंग बुढा कायच्यावर बसला?"

टाळ्या थांबल्या. नीलमचा चेहरा पांढरा पडला. तिनं मला उचललं आणि ऑटो करून स्टँड गाठला.

पुंजाजी खांबाला धरून उभे होते. सकाळपासून, तसेच. पाय लटलट कापत होते, तरी हसून म्हणाले, "टाळ्या पडल्या काय वो?"

नीलम हमसून हमसून रडली. मग त्यांना सरळ घरी घेऊन गेली. देवराव दारातच आडवा आला. "आज तारीख कोनची हाये?"

"एकतीस," ती म्हणाली. "बाबा, वाटनीत मले काईच नाई भेटलं ना? मंग एकतीस तारीख मले द्या. आबाजी माह्या खोलीत रायतीन."

देवराव बाजूला झाला.

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. परीक्षेत माझ्यावर खुशाल लिहा, मार्क मिळवा. पण त्याआधी घरी जा आणि तुमच्याकडची एकतीस तारीख कोणाची आहे, ते विचारा.