काकडी आणि मणका

"काकडी चिरली ना गिरानात? मंग आता भोगा!"

नगरच्या डॉक्टरांनी आमच्या तान्ह्या नातीच्या, इराच्या, पाठीचा एक्सरे दाखवला, तेव्हा माझी बायको बनुबाई दवाखान्यातच सुनेवर, निकितावर, तुटून पडली. इराचा एक मणका अर्धाच होता. निकिताने सातव्या महिन्यात, ग्रहण लागलेलं असताना, भूक लागली म्हणून काकडी चिरली होती. झालं, गुन्हा शाबीत!

मी शेजारीच उभा होतो. गप्प.

आणि मी कोण? श्रीरामपूरच्या कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्राचा लॅब अटेंडंट. कोंबडीची अंडी उबवायची, दुसऱ्या दिवशी फोडायची, आतला इवलासा जीव काचेवर घ्यायचा, हेच माझं काम. त्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी मण्यांच्या जोड्या पडत जातात, दर दीड तासाला एक. त्यांचेच पुढे मणके होतात. शिकवणाऱ्या मॅडम पोरांना सांगायच्या, प्रत्येक पेशीचा आपापला ठेका असतो. शेजारणीचं ऐकून ऐकून सगळ्यांचा एक होतो, भजनातल्या टाळांसारखा. तो चुकला की मणी वाकडा. बाईच्या पोटात हे काम पहिल्या दोन महिन्यांतच उरकतं. मला तोंडपाठ होतं हो! सातव्या महिन्यातली काकडी त्याला काय करणार, कपाळ?

पण घरात कटकट नको म्हणून मी मूग गिळून बसलो. सात वर्षं.

परवा इराच मला म्हणाली, "आबा, आईनं काकडी चिरली म्हनून मी वाकडी ना?"

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि निकिताला सगळं सांगून टाकलं.

तिने गॅस बंद केला. "मामा, तुमाला तवाच ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मी दुसरं लेकरू नको म्हनले. माज्या हातनं तेबी वाकडं व्हईल म्हनून."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आत्याबाईंना सांगा," ती म्हणाली.

बनुबाई ओसरीवर गहू निवडत होती. तिलाही सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिचा हात सुपातच थांबला.

"मी अडानी बाई. मला कोन सांगनार? तुमाला म्हाईत हुतं, अन् सात वर्सं तिला माज्या तोंडानं बोल लावू दिला?"

ती उठून आत गेली, निकिताजवळ बसली. मग दोघींनी इराला पुढ्यात घेतलं आणि तिच्या पाठीचा पट्टा बांधू लागल्या. मी दारात उभा होतो. मला कोणी बस म्हणालं नाही.