वगळलेला अध्याय

सुहासिनीबाईंनी पोथीची चार पानं एकदम उलटली आणि आवाज न बदलता पुढचा अध्याय सुरू केला.

समोर चटईवर सून शिखा बसली होती. विजय नगरच्या ऑफिसातून आल्यावर तिने कपडेही बदलले नव्हते. उन्मेष जाऊन पाच महिने झाले होते. बेटम्याहून परतताना ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली, तेव्हा दोघांच्या लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. माहेरची माणसं शिखाला न्यायला दोनदा आली; ती गेली नाही.

भेटायला येणारे पुस्तकं आणत. धीर देणारी, आत्म्याचा प्रवास सांगणारी. सुहासिनीबाई रोज वाचत, आणि पुस्तक मिटेपर्यंत त्यातलं काही उरत नसे. शेवटी त्यांनी आपल्या आईची पोथी काढली. श्रद्धेने नव्हे, ओव्या पाठ होत्या, समजून घ्यायचे कष्ट नव्हते. पहिल्याच संध्याकाळी शिखा दारात येऊन म्हणाली होती, "आई, मोठ्याने वाचा ना." तेव्हापासून रोज एक अध्याय.

"आज काही छूटलं का, आई?" शिखाने विचारलं.

"नाही गं."

"पानं जास्त पलटली तुम्ही."

"चिकटली असतील."

शिखाने हात पुढे करून पानं मागे घेतली. ती कुठेच चिकटली नव्हती. घरातलं मराठी तिला आता येत होतं, पोथीतलं मात्र कळत नसे. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"क्या है इसमें?"

सुहासिनीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"एका बाईचा मुलगा नदीत बुडतो. ती देवाच्या दारात बसून राहते. सातव्या दिवशी तो परत येतो."

शिखाचं बोट हललं नाही.

"आयसीयूच्या बाहेर मी हाच अध्याय म्हणत होते," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस."

"माहीत आहे. मी बाजूलाच होते ना."

 मग शिखाने पोथी त्यांच्याकडे सरकवली.

"वाचा, आई. किसी का तो आया."

सुहासिनीबाईंनी पोथी परत तिच्याकडे वळवली. तेव्हा शिखाच पुढे वाकली आणि एकेक अक्षर लावत, अडखळत वाचू लागली. तिसऱ्या ओवीत ती एका शब्दाला चुकली. सुहासिनीबाईंनी तो हलकेच दुरुस्त केला, आणि ती पुढे वाचत राहिली.