इस्लापूरची पाहणी

गोदा-मांजरा क्रीडा मंडळाचा मी सचिव झालो, कारण बैठकीचं इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी कंधारच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. खो-खोशी माझा संबंध नियमांची पुस्तकं वाचण्यापुरताच. कुणाच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणणं मला जन्मात जमलं नाही. निवृत्तीनंतर सचिवपदही सोडावं असं दर बैठकीला ठरवून जातो आणि तसाच परत येतो.

मंडळात आठ कॉलेजं. नांदेड गटात चार, लातूर गटात चार. मुलींचे संघ आपापल्या गटात एकमेकींच्या गावी जाऊन खेळतात आणि शेवटी दोन गटांचे विजेते समोरासमोर येतात. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिला सामना हरला की पोरी बॅगा उचलून घरी. आमच्याकडे हरलं तरी पुढच्या रविवारी दुसरा सामना असतो. एवढ्यासाठीच तर मंडळ काढलं.

यंदा इस्लापूरच्या कॉलेजनं सभासदत्व मागितलं आणि आमचे अध्यक्ष अमृतराव अस्वस्थ झाले. ते लातूर गटातल्या शिरूर अनंतपाळच्या कॉलेजचे.

"माझा विरोध न्हाई," ते बैठकीत म्हणाले. "पण इस्लापूर आलं की नांदेडचे पाच अन् आमचे चार. उद्या कुठल्याबी ठरावाला हात वर करा म्हणलं की तुम्हीच जिंकणार."

"साहेब, आपण खो-खो खेळायलोत का इलेक्शन लढवायलोत?" उदगीरच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक जहांगीर म्हणाले.

"तू गप." अमृतराव माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही पाहणीला जावा."

पाहणीची आमच्याकडे एक रीत आहे. नव्या कॉलेजचं मैदान पाहायला मंडळाचा एक माणूस जातो. मुलगी पाहायला जातात तसंच. चहा-पाणी घ्यायचं, पण जेवायचं नाही. जेवलं की सोयरीक ठरली. उदगीरच्या वेळी अमृतराव स्वतः गेले होते. त्यांनी तिथून फोनवर एवढंच सांगितलं, "जेवलो." बैठकीत मग कुणी काही विचारलं नाही.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "चहा घ्या अन् परत या. खोट काय काढायची ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? तुम्ही वाचणारा माणूस."

मी मान हलवली. माझी मान कशालाही हलते.

इस्लापूरला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं. शेजारी नीलाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांनी आपल्या रानाचा एक तुकडा पोरींना दिला होता. तिथली कापसाची पऱ्हाटी उपटून, रोलर फिरवून मैदान केलेलं. मी टेप लावून पाहिला. मापं बरोबर होती. खांबही सरळ होते. फक्त एका टोकाला जमीन किंचित उतरती होती. मला हवी ती खोट सापडली होती, पण आनंद काही झाला नाही.

पोरींनी खेळून दाखवलं. कर्णधार साक्षी नावाची मुलगी, सावळी, सडपातळ. खांबाला वळसा घालताना ती अर्धी दिसायची आणि अर्धी नुसती धूळ. खेळ संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कसं वाटलं सर?"

"चांगलं आहे. म्हणजे, मला तसं वाटतं. खरं तर मला यातलं फार कळत नाही."

"आम्हालाबी न्हाई कळत सर. खेळायला कुणी आलंच न्हाई तर आम्ही चांगल्या हाव का वाईट, कसं कळावं?"

त्यांच्या क्रीडाशिक्षिका उज्वला मॅडम तिला दटावून पुढे आल्या. "पोरी काहीबी बोलतात सर. पण तिचं खोटं न्हाई. वर्षातून विद्यापीठाचा एक सामना. पोरींचे बाप विचारून राहिले, एका सामन्यासाठी रोज सांजच्याला पोरगी मैदानावर कशाला पाहिजे? सातजणी तर सोडून जायच्या बेतात आहेत. यंदा तुम्ही न्हाई म्हणलात तर टीम मोडली समजा."

मी चहा संपवला आणि पिशवी उचलली. तेवढ्यात नीलाबाई आल्या.

"भाकर टाकली हाय. चला."

"नको, नको. मी घरून खाऊन निघालोय."

"कंधारहून? ते कवाच जिरलं असंल."

"पोट जरा बरं नाही."

"मग ताक घ्या संगं."

"उपास आहे," मी म्हणालो.

"असं होय. मग भगर टाकते, किती वेळ लागतो." आणि बाई खरंच चुलीकडे वळल्या.

एक खोटं बोलून मी त्या बाईला भर उन्हात दुसऱ्यांदा चुलीपुढे बसवत होतो. मला माझीच लाज वाटली. "बाई, उपास नाही," मी म्हणालो. "भाकरीच द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यासारखे पुष्कळ जेवू घातले असावेत. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. मी पहिला घास घेतला आणि दाराशी जमलेल्या पोरींत काहीतरी सळसळलं. उज्वला मॅडम विद्यार्थिनी असताना आमच्याच मंडळातल्या एका कॉलेजकडून खेळलेल्या. रीत त्यांना माहीत होती आणि त्यांनी ती पोरींनाही सांगितली असावी. त्यांनी पोरींना गप्प बसायची खूण केली, पण तोवर एकीनं शिट्टी मारली होती.

परतीच्या एसटीत भोकरच्या अलीकडेच जहांगीरचा फोन आला. "सर, जेवलात म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या ग्रुपवर आलंय. भाजी अंबाडीची होती, हेबी आलंय."

अमृतरावांचा फोन आलाच नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बैठक अहमदपूरला होती, दोन्ही बाजूंना बरोबर मध्ये पडतं म्हणून. अमृतराव माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलले.

"सर साधा माणूस," ते सगळ्यांना म्हणाले. "कुणी आग्रह केला, हे बसले. त्यात होकार न्हवता. चुकून जेवले. चुकून ना, सर?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि असं कुणी बघितलं की माझी कानशिलं तापतात.

"पहिली भाकरी संकोचानं खाल्ली, हे खरं," मी म्हणालो. "पण दुसरी मी मागून घेतली."

मग जहांगीर हसायला लागले. "मागून घेतली म्हणजे तर अक्षताच पडल्या, साहेब. आता काय बोलता?"

"मैदान एका टोकाला उतरतं आहे," मी घाईघाईनं म्हणालो, कारण ते सांगणंही माझं काम होतं. "दोन गाड्या मुरूम टाकला की होईल. पोरी चांगल्या खेळतात. मला फार कळत नाही, पण चांगल्या खेळतात."

अमृतरावांनी चष्मा काढून पुसला. "अन् पाच-चारचं काय?"

"त्यात काय," जहांगीर म्हणाले. "इस्लापूर आमच्या गटात टाका. लातूरचे पाच होतील."

"इस्लापूर लातूर गटात? नकाशा पाहिलास का कधी?"

"नकाशा कशाला पाहायचा? हात मोजा."

अमृतरावांनी मनात हात मोजले असावेत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "बघा, पोरींचं भलं होत असंल तर मी आडवा येणारा माणूस न्हाई," असं म्हणून त्यांनी ठराव मांडला. आमच्या नांदेडकडच्यांनी आनंदानं हात वर केले. आपण काय दिलं ते चहा आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मी बाहेर येऊन उज्वला मॅडमना फोन लावला. "घेतलं तुम्हाला. पण लातूर गटात. उदगीर, शिरूर, लांब लांब जावं लागेल. मी थोडं अजून बोलायला हवं होतं, पण..."

पलीकडे एकदम गलका झाला. पुढचं माझं कुणी ऐकलंच नाही. मग साक्षीचा आवाज आला. "सर, जाऊ की आम्ही. पण पहिला सामना आमच्याकडं ठेवा. मुरूम आठ दिवसांत टाकतो."

"कुणाशी ठेवू?"

"अध्यक्षांच्या कॉलेजशी."

अमृतराव गाडीत बसून निघायच्या बेतात होते. मी काचेवर बोटानं टकटक केलं. त्यांनी काच खाली घेतली.

"पहिला सामना इस्लापूरला ठेवतोय," मी म्हणालो. "तुमच्या पोरींशी."

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बजरंग, शिरूरहून इस्लापूर किती पडतं रे?"

"साहेब, तिकडं मुक्कामच करावा लागंल."

"करू," अमृतराव म्हणाले आणि काच वर केली.