मागची चाकं

काटेकाकांनी नट आवळायची गन बाकावरच्या खुंटीवर चढवली, खांद्याने मागून रेटा दिला आणि घोडा दाबला. खडखडाट सुरू झाला, बंद खोलीत घुमला आणि मग आपोआप तुटला. गनच्या पाठीवर हिरवा दिवा लागला. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला. सहाशे चार.

हवे होते सहाशे.

"म्हणजे बरोबर?" खिडकीजवळच्या खुर्चीतून चौकशीसाठी आलेल्या बाईंनी विचारलं.

"बरोबर," काका म्हणाले. हत्यार बरोबर निघाल्याचं दुःख त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

माणूस तसा तराजूच्या काट्यासारखा सरळ, म्हणूनच हे नाव पडलेलं. कारखान्यांतून, आगारांतून येणारी हत्यारं तपासायची, बरोबर असतील त्यांच्यावर पंचाने बाणासारखा बारीक काटा ठोकायचा आणि नसतील ती परत पाठवायची, एवढंच त्यांचं काम. त्यांची ती खूण दिसली की फिटर डोळे मिटून हत्यार उचलत. काकांना याचा थोडा गर्वही होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता.

आज बाकावर आलेली गन बसच्या आगारातली होती. बॅटरीवर चालणारी. तिच्यावर आकडा लावून ठेवायचा. नट तेवढा आवळला गेला की ती स्वतःच थांबते आणि हिरवा दिवा दाखवते. या गनने बसवलेलं एका बसचं मागचं चाक भर रस्त्यात निखळलं आणि घरंगळत जाऊन थांब्यावर उभ्या असलेल्या एका बाईच्या पायावर आदळलं. ते चाक बसवणारा फिटर म्हणजे काकांचा जावई.

त्यानंतर आगाराने जावयाने बसवलेली सगळी चाकं तपासली. पुढची ठीक होती. मागच्या चाकांचे नट मात्र जागोजागी ढिले निघाले. आता प्रश्न एवढाच उरला होता. गन खोटी असेल, तर जावई सुटला. गन खरी असेल, तर त्याने नट पुरते न आवळताच हात झटकले, आणि मग नोकरी तर जाणारच, वर तुरुंग.

"तो माझा जावई आहे," काकांनी सकाळी आल्याआल्याच बाईंना सांगून टाकलं होतं.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या होत्या. "म्हणून तर खुर्ची घेऊन बसलेय."

काकांनी बॅटरी बदलून अर्धी उतरलेली लावली. सहाशे दोन. गन तापेपर्यंत चालवली. पाचशे अठ्ठ्याण्णव. खुंटीखाली लवचिक चकत्या घालून पाहिलं, कारण काही गना घट्ट सांध्यावर खऱ्या बोलतात आणि मऊ सांध्यावर थापा मारतात. ही तिथेही थाप मारेना. एरवी अशा हत्याराचं त्यांनी घरी जाऊन कौतुक केलं असतं. आज तिला उचलून भिंतीवर आपटावं असं वाटत होतं.

सकाळी निघताना मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. डोळे सुजलेले, नातीची शाळेची पिशवी खांद्याला तशीच.

"बाबा, गनमध्येच खोट असणार ना? यांचा हात कधी चुकत नाही, तुम्हीच म्हणता."

"बघतो," काका म्हणाले होते. बाबांचं 'बघतो' म्हणजे काम झालंच, असा घरातला लहानपणापासूनचा हिशेब. ते ऐकून ती रडायची थांबली होती, आणि आता तेच काकांच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

बाईंचा फोन वाजला. त्या उठून दाराकडे तोंड करून हळू आवाजात बोलू लागल्या.

खुंटी बाकाला धरून ठेवणारा शिकंजा काकांच्या हाताशी होता. तो जरासा सैल केला असता, तर पुढचा आकडा पन्नासने तरी घसरला असता. बाईंना कळलं नसतं, कुणालाच कळलं नसतं. काकांचा हात शिकंज्यावर गेला, तिथे थांबला, घामाने घसरला. मग त्यांनी शिकंजा आणखी अर्धा फेरा आवळला आणि हात शर्टाला पुसला.

बाई परत येऊन बसल्या.

"थांब्यावरच्या त्या बाईंचा पाय काढावा लागला," त्या म्हणाल्या.

काकांनी बाकाची कड धरली. त्या बाईला त्यांनी पाहिलं नव्हतं. पण तिलाही कुणी बाप असेल, तोही आज कुठेतरी असाच कशाला तरी धरून उभा असेल, असं त्यांच्या मनात आलं. आपण दिवसभर कशाची आस धरून बसलो होतो, याची त्यांना लाज वाटली, आणि तरीही ती आस सुटेना.

"मला एकच गोष्ट समजत नाही," बाई कागद आवरत म्हणाल्या. "कामचुकार माणूस सगळीकडेच कामचुकार असतो. हा पुढच्या चाकांसाठी झटतो आणि मागच्यांच्या वेळीच टाळाटाळ करतो, ते का?"

"मागचा नट खोल असतो. चाक आत वळलेलं असतं ना, त्यामुळे खाली बसून, गुडघे टेकून…"

काका वाक्यातच थांबले.

"गुडघे टेकून काय?"

"अहवालावर सही उद्या सकाळी केली तर चालेल?" काकांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "चालेल. पण गन मी कपाटात ठेवून कुलूप लावणार. किल्ली माझ्याकडे."

मुलीच्या घरी ते पोचले तेव्हा जावई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळत होता. आवळून झाला की हलवून बघायचा, पुन्हा आवळायचा. शेजारी इस्त्रीचा उघडा प्लग, कढईचा कान, नातीच्या सायकलची घंटी. चौकशी संपेपर्यंत घरी बसवल्यापासून त्याने घरात एक स्क्रू ढिला ठेवला नव्हता.

"बाबा, चहा ठेवते," मुलगी म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून चहा ठेवायचं विसरली.

काका जावयासमोर जमिनीवरच बसले. "जावईबापू, एक विचारू? मागची चाकं आवळताना गुडघे टेकता?"

जावयाचा हात स्क्रूवर थांबला.

"दांडी लावता ना? मी दिलेली?"

मुलीनेच मागे एकदा म्हटलं होतं की बाबा, यांचे गुडघे गेलेत, जिना चढताना कण्हतात, काहीतरी करा. आणि बाबा 'बघतो' म्हणाले होते. चांगल्यातलं पोलाद शोधून त्यांनी आपल्या हाताने लेथवर हातभर लांब दांडी कातली होती. एका टोकाला सॉकेट बसावं, दुसऱ्या टोकाला पाना. खाली न बसता उभ्याउभ्या मागचा नट आवळता येत होता. तेव्हा आगारात हाताने ओढायचा टॉर्क पाना असायचा. हाताचा पीळ संथ असतो, तो लांब दांडीतूनही जसाच्या तसा नटापर्यंत पोचतो. त्या दांडीने तेव्हा कुणाचं काही बिघडवलं नाही.

मग आगारात गना आल्या. गन पीळ देत नाही, ती ठोके मारते, आणि मधली दांडी लांब असली की ती प्रत्येक ठोक्यातला वाटा गिळते. गनला वाटतं नट आवळला. ती हिरवा दिवा दाखवून मोकळी होते. गनला दांडी लावू नका, हे काकांनी किती कारखान्यांत, किती फिटरांना बजावलं होतं. जेवायला मुलीकडे येत तेव्हा मात्र नातीशी पत्ते खेळण्यातून त्यांना सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"जावईबापू, दांडीमुळे आवळ कमी पडतो," काका म्हणाले. "गनला ती चालत नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"ठाऊक आहे," जावई म्हणाला.

"काय?"

"पुढचे नट घट्ट आणि मागचे ढिले निघाले, त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. दोन्हींत फरक दांडीचाच होता." त्याने कुकर बाजूला ठेवला. "नव्या गना आल्या तेव्हा मला एकदा शंका आली होती बाबा, खोटं कशाला बोलू. पण दांडीवर तुमचा काटा ठोकलेला होता. म्हटलं, मग बरोबरच असणार."

काकांना आठवलं. दांडी पुरी झाल्यावर, हाताच्या सवयीने, ती कुठल्या आकड्याला तपासायची हे मनात न आणताच त्यांनी पंच उचलून एक ठोका मारला होता. तेव्हा ते स्वतःशी हसलेही होते.

"मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"काय सांगू? जी खूण बघून सगळी आगारं हत्यार उचलतात, तिच्यामुळेच चाक निखळलं म्हणून?" जावई त्यांच्याकडे न बघता बोलत होता. "मला कामचुकार म्हणतील, म्हणू देत. फिटरला चार शिव्या काही नव्या नाहीत."

"तुरुंगात जाल."

"मी लावली दांडी. माझ्याच हाताने लावली."

दारात मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे बघावं की बापाकडे, हे तिला कळत नसावं. ती जमिनीकडे बघत होती.

"कुठे आहे ती?" काकांनी विचारलं.

"फेकली," जावई घाईने म्हणाला.

मुलगी ओट्याशी गेली. वर ढकलायच्या जुन्या खिडकीची झडप खाली येऊ नये म्हणून मध्ये एक पोलादी दांडी उभी केलेली होती. गेले काही दिवस ती तिथे होती आणि तिने जातायेता पाहिली होती. तिने दांडी ओढून काढली. झडप धाडकन खाली आली, तसे तिघेही दचकले.

"हीच ना?"

तिने दांडी दोन्ही हातांत धरून ठेवली, देईना.

"ही उद्या नेलीत तर हे सुटतील?"

"सुटतील असं नाही सांगता येत. पण कामचुकार ठरणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

काका भिंतीचा आधार घेत उठले. तिच्या हातातून दांडी सोडवून घेताना त्यांना जरा जोर लावावा लागला.

"बघतो," ते म्हणाले. या वेळी मुलीचं रडू थांबलं नाही.

सकाळी बाईंनी कपाट उघडून गन बाकावर ठेवली आणि पेन काढून पुढे केलं.

"एक चाचणी राहिलीय," काका म्हणाले.

त्यांनी पिशवीतून दांडी काढली, एक टोक खुंटीवर बसवलं, दुसऱ्यावर गन चढवली आणि खांद्याने रेटा दिला. या वेळचा खडखडाट भरड आणि पोकळ होता. दांडी त्यांच्या डाव्या हातात थरथरत होती. प्रत्येक ठोक्यातला आपला वाटा ती कशी गिळते आहे, ते त्यांना तळव्याला जाणवत होतं. मग आवाज तुटला आणि हिरवा दिवा लागला.

आकडा बघायला त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी पडदाच बाईंकडे फिरवला.

"तीनशे नव्वद," बाईंनी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मग वाकून दांडीकडे. टोकाशी काहीतरी ठोकलेलं होतं. बाईंनी अंगठ्याने तिथली तेलाची काजळी पुसली, आणि मग गन उलटी करून तिच्या बुडाखाली काकांनी पूर्वी ठोकलेली खूण पाहिली. दोन्ही काटे अगदी सारखे होते.

मग त्यांनी खिडकीजवळची आपली खुर्ची उचलून बाकापाशी आणली, आणि ती स्वतः बसायला न घेता काकांच्या मागे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि सुरुवातीपासून सांगा."