हॅव्हलिकबाईंची तीन मिनिटं

सांगते, पण मधे कुणी बोलायचं नाही.

आमच्या शाळेत पहिलीला मार्लिस हॅव्हलिक म्हणून बाई आहेत. अठ्ठावीस वर्षं तोच वर्ग. यंदा एकतीस पोरं, पुढच्या वर्षी चौतीस होणार. यावर्षी आमच्या शिक्षक संघटनेने सरकारी शाळांसाठी विधेयकात पाच मागण्या घातल्यात, त्यातली चौथी म्हणजे लहान वर्गात चोवीसच्या वर मुलं नकोत. आणि विधिमंडळात जाताना संघटनेचा ड्वेन बसमध्येच म्हणाला की तिथली शिक्षण समिती आज नेमकं तेच कलम गाळणार, आठातले पाच विरोधात आहेत. आज गेलं की दोन वर्षं विसरा.

म्हणून बाई समितीसमोर बोलणार होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, लाल झाला की उठायचं. बाईंनी भाषण तेवीस वेळा म्हणून बघितलेलं. मी मोजलंय, शेजारीच बसले होते ना.

तर बाई जाऊन बसल्या. हिरवा लागला. आणि समोर काय, दोघं आमदार कुजबुजतायत, एक फोनवर, एक डोनट खातोय, अध्यक्ष कागद चाळतायत.

बाई बोलेचनात.

हात जुळवून नुसत्या बघत राहिल्या. मला लगेच कळलं, वर्गात त्या असंच करतात, सगळे गप्प होईपर्यंत तोंड उघडत नाहीत. अंगवळणी पडलेलं. ड्वेनने माझा दंड असा धरला की अजून दुखतोय. मी मनात म्हणतेय, बाई, ही पोरं नाहीत, बोला. मिनिट गेलं. दोन गेली. डोनटवाल्याने डोनट खाली ठेवला. फोनवाल्याने फोन खिशात घातला. पिवळा लागला तेव्हा अध्यक्षांनी मान वर केली. खोली चिडीचूप.

बाईंनी दिव्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. भाषणाचा कागद त्यांनी पालथा घातला.

"तुम्ही आठ जण आहात," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं. गप्प व्हायला दोन मिनिटं लागली. माझ्याकडे एकतीस आहेत, सहा वर्षांची."

लाल.

बाई उठायला लागल्या, तर तो डोनटवाला म्हणाला, माझा एक प्रश्न आहे. आता, उत्तराचा वेळ त्या तीन मिनिटांत धरत नाहीत. एकतिसात नेमकं काय राहून जातं, असं त्याने विचारलं.

"गेल्या मंगळवारी एका मुलीचा दात पडला," बाई म्हणाल्या. "पहिला दात. रक्त तोंडात धरून ती वीस मिनिटं हात वर करून बसली होती. मला दिसली नाही."

मग त्याने अजून विचारलं. मग एका आमदारबाईने. पंधरा मिनिटं चाललं.

जेवणानंतर मतदान. कलम गाळा म्हणणारे तीन, ठेवा म्हणणारे पाच. डोनटवाला आमच्या बाजूने.

बाहेर बर्फात आम्ही उड्या मारतोय आणि बाई शांतपणे हातमोजे घालतायत. त्यांनी ड्वेनला विचारलं, आता हे पुढे कुठे जाणार? तो म्हणाला, पूर्ण सभागृहात, एकोणपन्नास जण.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग थोडं लवकर जाऊन बसू."