दादाची ओळ

"आत्या, तुझं होईपर्यंत खाली मैदानावर दोन फेऱ्या मारून येऊ?" बुटांच्या नाड्या बांधत भाचीने विचारलं.

"बस इथेच," मी म्हणाले. स्क्रीनवरून नजर हटवायची माझी छाती होत नव्हती.

आमचं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात. पेशीला पेशी चिकटवून ठेवणारी प्रथिनं असतात. मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर, माणूस, सगळ्यांची ती घ्यायची, प्रथिनाच्या प्रत्येक घटकाला एक अक्षर देऊन ओळी करायच्या, त्या एकाखाली एक मांडायच्या आणि कुठे काय बदललंय ते बघायचं. बावीस वर्षं मी हेच करतेय. माणसाचा नमुना मात्र आम्ही कधी विकत आणला नाही. जो दारात येईल त्याला पकडायचं, गालाच्या आतून काडी फिरवायची, झालं.

अकरा वर्षांपूर्वी माझा विसरलेला डबा द्यायला आलेला दादा असाच तावडीत सापडला. "माशा-बेडकांच्या पंगतीला बसवतेस होय मला?" म्हणून हसला होता. त्याच्या ओळीत एका जागी भलतंच अक्षर आलं. माशापासून उंदरापर्यंत तिथे सगळ्यांचं एकच अक्षर, आणि या शहाण्याचं वेगळं! मशीन जुनं होतं, चुका करायचं. मी बाकीच्यांचं बघून अक्षर दुरुस्त केलं आणि डबा खायला बसले.

दोन वर्षांनी दादा जिना चढता चढता गेला. हृदयाच्या पेशी एकमेकींपासून सुटत गेल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गेल्या आठवड्यात भाची शर्यतीत चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे ती जागा आठवली.

आता तिच्या गालातून घेतलेल्या नमुन्याची ओळ उमटत होती. वर मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर, सगळे मुकाट रांगेत. आणि त्या जागी दादाचं अक्षर. मीच पुसलेलं.

मागच्या टेबलावर कुणीतरी डबा ठेवल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. टेबल रिकामं होतं. भाचीही तिकडेच बघत होती.

मी जुनी फाइल उघडली आणि दादाचं अक्षर त्याच्या ओळीत परत लिहिलं.

"आत्या, बाबांचं काही चुकलं होतं का गं?"

"त्याचं नाही. माझं चुकलं."

आता पळणं बंद, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं तिला सांगितलं. मग खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.