पेंढा

सुलोचनाबाईंनी क्लोरोफॉर्मची बाटली बेसिनमध्ये उपडी केली आणि वरून नळ सोडला.

"अहो, हे काय करताय?" प्राचार्य ओरडले.

"ओततेय, सर."

प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या पिंजऱ्यात एक म्हातारं काळं माकड शेंगा सोलत बसलं होतं. तोंडाभोवती सिंहासारखी करडी आयाळ. संस्थान होतं तेव्हा, आता टेबलापाशी उभ्या असलेल्या प्रतापरावांच्या वडिलांनी ते मलबारहून आणवलं होतं. संस्थान गेलं, वडीलही गेले. माकड तेवढं उरलं. आता त्यात पेंढा भरून ते वडिलांच्या नावानं कॉलेजच्या म्युझियमला द्यायचं प्रतापरावांनी ठरवलं होतं. त्यांच्या मल्हारगंजातल्या दिवाणखान्यात वाघ होता, सांबर होतं, आजोबांचा लाडका कुत्राही पेंढा भरून उभा होता. त्या घराची माया करायची रीतच ती.

"बाईजी, बूढा झालाय तो," प्रतापराव नरमाईनं म्हणाले. "आपोआप मेला तर खाल खराब होते म्हणतात. असा निदान कायम तर राहील ना!"

बाईंनी मासिकातलं एक पान त्यांच्यापुढं ठेवलं. पाठीवर पट्टे असलेलं, कुत्र्यासारखं जनावर.

"हे टास्मानियाचं. कांगारूसारखं पोटाच्या पिशवीत पिलू वाढवायचं. पेंढा भरलेली कितीतरी म्युझियममध्ये आहेत. जिवंत एक नाही. शेवटचं पिंजऱ्यातच मेलं."

"त्याचा माकडाशी काय संबंध?" प्राचार्य तडकले. "ना जात एक, ना देश एक. ही काय तुलना झाली?"

"ते संपलं, सर. हे संपत चाललंय. बस, एवढीच तुलना."

बाई रागावल्या होत्या, आणि ते लपवायची त्यांना बिलकुल गरज वाटत नव्हती.

"तुम्ही टेम्पररी आहात, विसरू नका. पुढच्या महिन्यात युनिव्हर्सिटीची कमिटी येतेय. माकड कपाटात दिसलं नाही, तर मला दुसरी लेक्चरर बघावी लागेल."

"बघा ना, सर. माझ्यासारख्या पुष्कळ मिळतील."

त्यांनी पदर खोचला आणि पिंजऱ्याची कडी धरली. अन्नपूर्णा भागात त्यांच्या घरामागं पेरूचं झाड होतं, तिथवर टांगा सहज मिळाला असता. पण पिंजरा जड होता. एका बाजूनं उचलताच माकड घसरून पलीकडच्या कोपऱ्यात गेलं, गज धरून प्रतापरावांकडं बघू लागलं.

प्रतापरावांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुसरी कडी उचलली.

"हळू, बाईजी," ते म्हणाले. "पुढं पायरी आहे."